मशीनवर शून्य

श्वासाच्या मशीनवर शून्य आलं की माणूस सुटतो, अशी सिद्रामची समजूत होती. आमच्याकडच्या बहुतेक ड्रायव्हरांची असते. त्याचं शून्य आलं आणि भानगड तिथूनच सुरू झाली. दारू नाही, मग डोळे लाल कशानं? जीभ जड का? टँकर आला कुठून? चिंचोळी एमआयडीसीतून. नाकाबंदीवरच्यांना पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. सिद्राम हे त्याचं खरं नाव नव्हे, बाकी हकिगत घडली तशीच सांगते.

चिंचोळी म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं, हे सोलापुरात वकिली करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुणे महामार्गाला लागून, मोहोळ तालुक्यात पसरलेली ही वसाहत. रसायनं आणि औषधांचे कच्चे घटक करणारे कारखाने तिथं आहेत आणि त्यांच्यावर हजारो घरं चालतात. पण २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या एका कंपनीतून कित्येक टन इफेड्रिन पकडलं, किंमत दोन हजार कोटी सांगितली गेली, ममता कुलकर्णीचं नाव आलं आणि चिंचोळी देशभर पोचली. त्या अभिनेत्रीवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रद्द केला, ती बातमी मात्र आतल्या पानावर गेली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबई गुन्हे शाखेनं तिथं एमडी, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा कारखाना पकडला. तेव्हापासून वसाहतीच्या फाटकातून बाहेर येणारा लाल डोळ्यांचा ड्रायव्हर म्हणजे एमडी ओढलेलाच, असा हिशेब पक्का झालाय.

सिद्राम सॉल्व्हंटचा टँकर रिकामा करून रात्री निघाला होता. सर्व्हिस रोडवरून वळताना मागचं चाक बॅरिकेडला घासलं. कुणाला ओरखडाही नाही. गुन्हा दाखल झाला तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली आणि सोबत न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आणि टँकरमालक दोघंही ऑफिसात आले. बायको म्हणाली, "मॅडम, दहा हजार भरून मोकळं करा की ओ. कुठं तारखा करत बसायचं?" मालकाचंही तेच मत. १८५ची पावती रस्त्यावर फाडता येत नाही, कोर्टातच यावं लागतं. तिथं गुन्हा कबूल केला की पहिल्या खेपेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बहुतेक जण दंडावर सुटतात, म्हणून कबुलीचा मोह मोठा. पण सिद्राम घातक माल वाहणारा ड्रायव्हर. त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, लायसन्सवर तशी नोंद लागते. अमली पदार्थ घेऊन गाडी चालवल्याची शिक्षा कागदावर आली की कुठला कारखाना त्याला गेटच्या आत घेणार? शिवाय पुन्हा तसाच गुन्हा लागला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. हे सगळं बायकोला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मालक मात्र घड्याळ बघत होता.

मी सिद्रामला विचारलं, "काय घेतलं होतंस?"

"खोकल्याचं औषध हो मॅडम. चार दिवस झोप नाही. मोहोळच्या डॉक्टरांनी दिलेलं."

आता कायद्याची गंमत बघा. दारूसाठी १८५मध्ये आकडा आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा. तुम्ही सरळ चालत होता की झिंगत होता, याला अर्थ नाही. अमली पदार्थासाठी मात्र आकडाच नाही. तिथं शब्द आहेत, आणि त्या शब्दांचा अर्थ असा की वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल हवा. म्हणजे सरकार पक्षाला दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात. पदार्थ अंगात होता ही एक, आणि त्यामुळे ताबा गेला होता ही दुसरी. पोलीस, डॉक्टर, कधी कधी वकीलही पहिलीवरच थांबतात.

माझं पहिलं काम कलमांशी संबंधित नव्हतंच. कारखान्याच्या सिक्युरिटी ऑफिसला त्याच दिवशी लेखी अर्ज दिला की अमुक रात्रीचं गेटचं आणि अनलोडिंग पॉइंटचं फुटेज जपून ठेवा. ही कॅमेऱ्यांची चित्रं काही दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि दोषारोपपत्र येईपर्यंत थांबलं तर हाती काही राहत नाही. त्या फुटेजमध्ये सिद्राम भरलेला टँकर रिव्हर्समध्ये दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध, एका झटक्यात लावतो. खाली उतरतो, चाकाला गुटका लावतो, अर्थिंगची तार जोडतो, मग सही करतो. काट्याची पावती, गेट रजिस्टरातली बाहेर पडल्याची वेळ आणि अटकेची वेळ एका ओळीत मांडली तर मध्ये जेमतेम अर्धा तास. पुढे हे चित्रण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रासह दाखल केलं. प्रमाणपत्राशिवाय पेन ड्राइव्ह म्हणजे नुसतं प्लास्टिक.

दुसरं काम मेडिकल दुकानात. सिद्रामचं औषध कोडीनचं होतं आणि कोडीनचं खोकल्याचं औषध शेड्यूल एच वन मध्ये येतं. ते विकताना दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात रुग्णाचं, डॉक्टरचं आणि औषधाचं नाव, किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम आहे. बहुतेक दुकानांत ते रजिस्टर काउंटरखाली धूळ खात असतं. इथं ते भरलेलं होतं, गिचमिड अक्षरात का होईना. अटकेच्या दोन दिवस आधीची नोंद, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळणारी. मागाहून आणलेल्या चिठ्ठीवर कोर्ट शंका घेतं आणि घ्यायलाच पाहिजे. रजिस्टराचं तसं नसतं, वरखाली दुसऱ्या लोकांच्या नोंदी असतात.

मग वैद्यकीय कागद. लघवीची चाचणी पट्टीवर केली होती आणि 'ओपिएट पॉझिटिव्ह' असा शेरा. या पट्टीचा उलटा न्याय असतो: रेघ उमटली तर निगेटिव्ह, नाही उमटली तर पॉझिटिव्ह. कोडीन अफूच्याच कुळातलं, त्यामुळे खोकल्याच्या औषधानं ती रेघ गायब होते. पट्टी फक्त संशय दाखवते, पक्कं सांगायला प्रयोगशाळेत यंत्रावर तपासावं लागतं. आणि लघवी सांगते ती झालेली गोष्ट. गांजाचे अंश तर कितीतरी दिवस निघत राहतात, तेव्हा स्टिअरिंगवर बसलेल्या घडीला डोकं ठिकाणावर होतं का, हे तिला कळत नाही. गंमत म्हणजे ज्या एमडीच्या संशयानं सगळं रामायण झालं, त्या एमडीची वेगळी पट्टी अशा नेहमीच्या कीटमध्ये बहुधा नसतेच.

डॉक्टरांचा उलटतपास मला आजही जसाच्या तसा आठवतो. माणूस प्रामाणिक, रात्रपाळीनं पिचलेला. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं: डोळे लाल, बोलणं जड, चाल सामान्य, बाहुल्या सामान्य.

"अफूजन्य पदार्थाचा अंमल असेल तर बाहुल्या कशा होतात?"

"बारीक. टाचणीच्या टोकाएवढ्या."

"आणि उत्तेजक पदार्थ घेतला असेल तर?"

"मोठ्या होतात."

"तुम्ही काय लिहिलंत?"

त्यांनी कागद पुन्हा वाचला. "सामान्य."

"डोळे लाल आणि आवाज जड, हे सर्दी-खोकल्यात होतं का?"

"होऊ शकतं."

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, तो मी गिळला. उलटतपासात कुठं थांबावं हे कळलं तर निम्मी वकिली आली.

बच्चूभाई कार्यानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच सांगून ठेवलंय की वास, अडखळती चाल, अस्पष्ट बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, दारू प्यायल्याचं शाबीत होत नाही. तो निकाल दारूबंदी कायद्याखालचा, महाराष्ट्रातलाच. मी तो दिला, पण त्याच्यावर विसंबले नाही, कारण आमच्याकडे चाचणी होती. प्रश्न होता चाचणीच्या अर्थाचा.

रक्ताच्या नमुन्याचं तर काय सांगावं! नमुना घेतल्याची नोंद होती, तो कुणाच्या ताब्यात होता याची मधली काही दिवसांची नोंद नव्हती. सलमान खानच्या अपिलात उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये नमुन्याच्या हाताळणीवर शंका घेतली तेव्हा लोक वकिलांना हसले. २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात नमुनेच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा तेच लोक सील कुठंय म्हणून विचारू लागले. बाटली कोणी भरली, कोणी सील केली, फ्रिजमध्ये कोणी ठेवली, हे विचारणं पळवाट वाटतं खरं. पण ते विचारल्यामुळे जसा निर्दोष सुटतो, तसा नमुना बदलणाराही सापडतो.

आणखी एक मुद्दा होता, दोन तासांचा. मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ म्हणतं, १८५खाली अटक केलेल्याची दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडायचं. सिद्रामची झाली तीन तासांनी. बार रूममधल्या एका मित्रानं खांद्यावर थाप मारली, "संपली केस!" संपत नाही. ते कलम कोठडीतून सोडण्यापुरतं बोलतं, निर्दोष ठरवण्याचं बोलत नाही. युक्तिवादात मी त्याचा वापर इतकाच केला की तीन तासांनंतरच्या अवस्थेवरून आधीची अवस्था कशी ठरवणार?

सरकारी वकिलांनी मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं. बाटली हातात धरून म्हणाले, "हिच्यावर लिहिलंय, झोप येऊ शकते, वाहन चालवू नये." हा खरा मुद्दा. डॉक्टरनं दिलं असेल तर सोडा, असं १८५मध्ये कुठंही नाही. औषधानं झिंग येऊन टँकर कुणाच्या अंगावर गेला असता तर चिठ्ठीनं काय वाचवलं असतं? मी उत्तरात फुटेजवर बोट ठेवलं. इशारा प्रत्येक बाटलीवर असतो. या माणसाचा ताबा गेला होता का, एवढंच कलम विचारतं. पंचनाम्यात बॅरिकेडवर रिफ्लेक्टर होता की नाही, दिवा होता की नाही, याचा उल्लेखच नव्हता, तेही दाखवलं.

निकाल निर्दोष लागला, संशयाचा फायदा देऊन. लायसन्स परत मिळालं. मालकानं तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला होता, सिद्राम आता दुसऱ्याकडे गाडी चालवतो.

त्याच्याच ओळखीनं नंतर एक पोरगा आला. गांजा ओढून टेम्पो दुभाजकावर घातलेला, श्वासाचं मशीन त्याचंही शून्य. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, सिद्रामभाऊंसारखी एक चिठ्ठी करून द्या की. मेडिकलवाला ओळखीचा हाय."

मी त्याला सांगितलं, चिठ्ठी मिळणार नाही. तुझे कागद बघते. नमुना कसा घेतला, वेळ काय पडली, डॉक्टरांनी काय लिहिलं ते तपासते, त्यात खोट असेल तर लढू, नसेल तर कबूल करून कमीत कमी शिक्षा मागू. सवय असेल तर उपचाराची सोय आहे, कायदाही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, फी विचारली आणि जिना उतरून शेजारच्या वकिलाकडे गेला.