भविष्याचा खांदा

विज्ञानपटातील पात्राचा पोशाख कोणत्या साली शिवला, हे ओळखायला खांदा पाहिला की पुरते. चकचकीत कापड, नळ्या, बिल्ले यांनी बाकीचे सगळे झाकता येते. खांदा झाकता येत नाही. खांद्याची शिवण अर्धा इंच बाहेर सरकली की बाहीचा माथा बदलतो, मुंढ्याची खोली बदलते, छातीवरचे कापड ताणले जाते किंवा झोल पडतो, आणि माणसाची सगळी उभी आकृतीच वेगळी दिसते. ही आकृती दर दशकाची आपली असते.

१९३६ च्या ‘थिंग्ज टू कम’ या ब्रिटिश चित्रपटाचा शेवटचा भाग २०३६ मध्ये घडतो. त्यातल्या पुढाऱ्यांच्या अंगरख्यांचे खांदे फळीसारखे ताठ आणि रुंद आहेत. शंभर वर्षांपुढचा माणूस दाखवताना रुंद खांदाच का सुचला? कारण त्या दशकात फॅशनच रुंद खांद्याची होती. हॉलीवूडमध्ये वेशभूषाकार एड्रियनने अभिनेत्री जोन क्रॉफर्डचे खांदे रुंद करून ती आकृती घरोघर नेली होती. भविष्य म्हणून जे बेतले गेले, ते चालू फॅशनला थोडे ताणून बेतले गेले.

साठच्या दशकात खांदा आकसला. १९६४ मध्ये पॅरिसात फॅशनकार कुरेजने पांढरे, सरळ, गुडघ्याच्या वर थांबणारे कपडे आणले. त्यात बांधा अरुंद आणि मुंढा उंच. त्याच सुमारास चित्रित झालेल्या ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या चाचणी भागात जहाजावरच्या स्त्रिया पँट घालतात. १९६६ मध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा त्या आखूड झग्यांत होत्या, कारण दरम्यान मिनीस्कर्ट रस्त्यावर आला होता. मालिकेचा वेशभूषाकार विल्यम वेअर थाइसने पुरुषांसाठी निवडलेले वेलूर कापड धुलाईत आटायचे. तिसऱ्या पर्वात त्याजागी नायलॉनचे विणीचे कापड आले. आटलेला सदरा बदलता येतो, पण आखूड झगा कायमचा १९६६ चा राहिला.

भविष्याच्या जागी चालू साल बेतण्याची ही चूक होते ती फिटिंगच्या खोलीत. नट आरशासमोर उभा असतो, तोंडात टाचण्या धरून वेशभूषाकार खांदा चिमटीत धरतो, खडूने खूण करतो, मागे सरकून पाहतो आणि म्हणतो, ‘आता बसला.’ हा ‘बसला’ कुणाच्या डोळ्याला? त्याच वर्षीच्या दुकानांत, रस्त्यांवर आणि मासिकांत घडलेल्या डोळ्याला. कागदावरचे रेखाटन कितीही परग्रहावरचे असो, टाचणी लावताना हात आजच्या मापाकडे ओढला जातो. या कामातल्या प्रत्येकाला मनातून वाटते की आपण बेतलेला पोशाख पन्नास वर्षांनीही शिळा होणार नाही. ही घमेंड मान्य करावीच लागते. तिच्याशिवाय हे काम कुणी हाती घेणार नाही. चित्रपट आला तेव्हा ‘किती आधुनिक दिसतो!’ म्हणून मिळालेली दाद सगळ्यांत गोड लागते, आणि पोशाख लवकर जुना होणार याची खूणही तीच असते.

‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) जॉन मोलोने वेगळी वाट धरली. तो लष्करी गणवेशांचा अभ्यासक. खलनायकांच्या अधिकाऱ्यांना त्याने जुन्या युरोपीय सैन्याच्या धाटणीचे, उंच बुटांचे गणवेश दिले; वृद्ध गुरूला सैल, मळखाऊ रंगाचा झगा दिला. झग्याला बेतलेला खांदाच नसतो, कापड उतारावरून खाली पडते, म्हणून त्याला साल चिकटत नाही. या कामासाठी मोलोला ऑस्कर मिळाले. दुसरे मिळाले ते १९८३ मध्ये, ‘गांधी’साठी, कोल्हापूरच्या भानू अथैयांबरोबर. अंगावर वापरून मऊ झालेले कापड दिसणे, हे दोन्ही चित्रपटांचे बळ आहे. तरी ‘स्टार वॉर्स’चा तरुण नायक पडद्यावर आला की साल कळतेच, ते कानांवर आलेल्या सत्तरच्या दशकातल्या केसांमुळे. वेशभूषा आणि केशभूषा वेगवेगळ्या हातांत दिली की असे होते.

१९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये नायिका रेचलच्या सूटचा खांदा पुन्हा फळीसारखा रुंद होतो. चार्ल्स नोड आणि मायकेल कॅप्लन यांनी तो एड्रियनच्या चाळीसच्या दशकातल्या सूटांवरून घेतला. कथेचा काळ २०१९ चा, नमुना चित्रपटाच्याही चाळीस वर्षांपूर्वीचा. आणि नेमक्या त्याच सुमारास ऑफिसला जाणाऱ्या बायकांच्या कोटांतही जाड पॅड येऊ लागले होते. म्हणून तो सूट एकाच वेळी तीन काळांचा दिसतो. या सगळ्या कामांत सरस तेच, कारण जुनेपण त्याने लपवले नाही.

अलीकडच्या सुपरहिरोपटांत खांदा बेतलाच जात नाही. फोमचे स्नायू साच्यात घडवतात आणि वर जाळीदार छपाईचे ताणणारे कापड चढवतात. नव्याने कामाला लागणारी मुले तेच आधी शिकतात. बाहीचा माथा मुंढ्यात बसवायला सांगितला की अडतात. हे नुकसान मोठे आहे. जिममध्ये कमावलेले शरीर हीसुद्धा एक फॅशनच, आणि तीही उतरेल.

२०१३ च्या ‘हर’मध्ये केसी स्टॉर्मने काही नवे जोडण्याऐवजी काढून टाकले. पट्टा नाही, डेनिम नाही. पँटची कंबर मात्र उंच चढवली. खांदा साधाच ठेवला. चित्रपट आला त्याच सुमारास त्यावरून बेतलेले कपडे अमेरिकेत दुकानात विकायला आले होते.