मिरजेंतील चार दिवस

कृष्णेच्या कांठापासून थोड्याच अंतरावर वसलेलें मिरज हें गांव प्रवाशांस बहुधा आगगाडीचें मोठें जंक्शन म्हणून ठाऊक असतें. पुण्याकडून बेळगांवास, कोल्हापुरास आणि पंढरपुराकडे जाणारे रस्ते येथें फुटतात. गाडी बदलण्यापुरतें उतरावें, चहा घ्यावा आणि पुढें जावें, असा पुष्कळांचा परिपाठ. परंतु ज्यांच्या घरांत गाण्याची आवड आहे त्यांनीं एकदां तरी स्टेशनाबाहेर पडून हें गांव पायीं हिंडून पाहावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. येथें तंबोरे घडतात, येथें थोर गवई नांदले, आणि १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं रुग्णालय स्थापिल्यापासून वैद्यकविद्येसाठींही या गांवाचें नांव दूरवर गेलें. गळ्याचा विचार करावयास याहून योग्य स्थळ आमच्या पाहण्यांत नाहीं.

आम्ही येथें चार दिवस राहिलों तें केवळ हौसेनें नव्हे. आमच्या धाकट्या सूनबाई गायनाच्या विशारद परीक्षेची तयारी करीत होत्या. वर्गांत पेटीवर सर्व विद्यार्थिनींस मिळून एकच पट्टी धरलेली, काळी पांच. ती यांच्या गळ्यास उंच पडे. तरी पहांटे घरीं आणि सायंकाळीं वर्गांत तार षड्जाची ओढाताण चालूच. दिवाळीनंतर आवाज दुपारपर्यंत बसूं लागला. पुढें बोलण्यांतही घोगरेपणा राहिला. घरांत ज्यानें त्यानें आपलें औषध सांगितलें : ज्येष्ठमध, हळदीचें दूध, मिठाच्या गुळण्या. तीन आठवडे उलटले तरी फरक पडेना. परीक्षा तोंडावर आली. सूनबाई तक्रार करीत नसत. पण पेटीवरचा रुमाल त्या उचलीनाशा झाल्या, हें आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानांत आलें, आणि आम्ही तिघें मिरजेस निघालों.

तेथील एका कंठतज्ज्ञ डॉक्टरांनीं बारीक दुर्बिणीनें तपासून पडद्यावर आम्हांस स्वरतंतू दाखविले. मोत्याच्या रंगाच्या दोन चिमुकल्या पट्ट्या, लांबी जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी! स्त्रियांच्या साध्या बोलण्यांत त्या सेकंदास सुमारें दोनशें वेळां एकमेकींस भिडतात, पुरुषांच्या शंभर-सव्वाशें वेळां. आणि तार षड्ज लावला कीं ती संख्या मध्य षड्जाच्या बरोबर दुप्पट होते. जेथें आघात अधिक तेथेंच सूज आली होती. कुऱ्हाड चालविणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. वेळींच थांबल्यास शस्त्रक्रियेवांचून बरा होतो. न थांबल्यास गांठी कायमच्या होऊं शकतात.

डॉक्टरांनीं एक आठवडा मौन सांगितलें. कुजबुजणेंही नको, कारण त्यांतही कंठावर ताण पडतो. खाकरणें नको. पाणी थोडें थोडें दिवसभर प्यावें, वाफ घ्यावी, रात्रीचें जेवण लवकर आटोपावें. कारण निजल्यावर पोटांतील आम्ल वर येऊन कंठास झोंबतें. मग ज्येष्ठमधाचें काय, असें आम्हीं विचारलें. ते हंसून म्हणाले, “घशास आराम पडतो, घ्या खुशाल. पण आपण गिळतों तें अन्ननलिकेंत जातें. स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर आहेत. तेथें औषध पोंचलें तर ठसकाच लागेल.” एवढी साधी गोष्ट आमच्या घरांतील पांच सुशिक्षित माणसांच्या डोक्यांत आली नव्हती. १८५४ सालीं आरशाच्या साह्यानें स्वतःचे स्वरतंतू हालतांना पाहणारे मान्युएल गार्सिया हे डॉक्टर नसून गायनशिक्षक होते, हेंही येथें सांगण्याजोगें आहे.

मौनव्रतस्थ सूनबाईंस घेऊन आम्ही सतारमेकर गल्लींत गेलों. येथील कारागीर मूळचे शिकलगार, शस्त्रांस पाणी व धार देणारे. तरवारींचे दिवस सरूं लागले तेव्हां, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, त्यांचे हात वाद्यांकडे वळले. दुकानांच्या आढ्यांस कडू भोपळे टांगलेले असतात. ते पंढरपुराकडील भीमाकांठच्या शेतांतून येतात. भोपळा कापून वाळवावयाचा, त्यावर लांकडाची तबली आणि दांडी जोडावयाची, खुंट्या बसवावयाच्या, आणि शेवटीं घोडी घांसून तारेखालीं सुताचा धागा सरकवीत जवारी काढावयाची. ती जमली म्हणजे एका तारेंतून अनेक सूर उमलल्यासारखे ऐकूं येतात. पुरुषांचा तंबोरा मोठा, स्त्रियांचा लहान.

एका वृद्ध कारागिरांनीं प्रथमच विचारलें, “ताई, पट्टी कोणती?” सूनबाईंनीं कागदावर लिहिलें : काळी पांच. वृद्धांनीं कागद वाचला आणि म्हटलें, “ही गळ्यानें सांगितली कीं पेटीनें?” सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. तेव्हां ते हळुवारपणें म्हणाले, “आवाज मोकळा होऊं द्या. वर जातांना मान ताठत नाहीं आणि खालीं उतरतांना सूर विझत नाहीं, असा षड्ज सांपडेल. तो कळवा, मग तारा चढवूं.” पेटीचे सूर कारखान्यांत ठरलेले, तंबोऱ्याची खुंटी मात्र गळ्याच्या मागून फिरते, हा भेद आम्हांस त्या दिवशीं उमगला.

सायंकाळीं ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत गेलों. १९३७ सालीं प्रवासांत निवर्तलेले अब्दुल करीम खांसाहेब येथें चिरविश्रांति घेत आहेत. उरुसांत गवई येथें येऊन हजेरी लावतात. त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचा आवाज वयांत येतांना फुटून बोजड झाला होता. तो वर्षानुवर्षें खर्ज आणि एकेक स्वर घोटून घडविला गेला. याच मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, ज्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. घराणीं भिन्न, पण घाईनें गळा तयार होत नाहीं याविषयीं एकमत.

आमच्या संस्कृत ग्रंथांचें सांगणेंही निराळें नाहीं. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत मंद्र, मध्य आणि तार यांचीं स्थानें हृदय, कंठ आणि मस्तक अशीं सांगितलीं. पाणिनीय शिक्षेंत वर्णोच्चारासाठीं वाघिणीचा दाखला आहे : ती पिलूं दांतांत धरून नेते, पण त्यास पडूंही देत नाहीं आणि दांत रुतूंही देत नाहीं. स्वरास यापेक्षां नेमका उपदेश कोणता?

आठव्या दिवशीं सूनबाईंनीं मिटल्या ओठांनीं पांच मिनिटें गुणगुणून पाहिलें. पुढें दर दोन दिवसांनीं थोडी वाढ. प्रथम मध्य सप्तक, मग खर्ज, तार षड्ज सर्वांच्या शेवटीं. दीड महिन्यानें पट्टी पांढरी पांचवर स्थिरावली. त्या खेपेची परीक्षा हुकली. घरांत दोन दिवस हळहळ झाली, शेजाऱ्यांनीं कारणें विचारलीं. परंतु परीक्षा पुन्हां येते. गेलेला कंठ येईलच असें नाहीं. तंबोरा आला, आणि आतां त्या सलग दोन तासांऐवजीं चाळीस मिनिटें गातात, थांबतात, पुन्हां बसतात.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुली, सुना गातात, त्यांनीं एवढें पाहावें : गातांना मानेच्या शिरा फुगत असल्यास पट्टी उतरवावी, आवाज बसल्यास रियाज बंद, आणि दोन-तीन आठवड्यांत घोगरेपणा न गेल्यास औषधांचा बटवा बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. आणखी एक. गाणाऱ्या मुलीनें “आज गळा नको म्हणतो” असें सांगितलें, तर त्यास आळस म्हणूं नये. तिच्या गळ्याची खबर तिच्याइतकी दुसऱ्या कोणास नसते.