मिटलेल्या संघांचा वारसदार : खालिद जमील

१/
ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मेदेरा यांच्यानंतर हे पद भारतीय माणसाकडे यायला तेरा वर्षे लागली. बातमी एवढीच होती. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र दुसराच प्रश्न पडतो : ज्या संघांनी त्यांना घडवले, ते आज कुठे आहेत?

२/
जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात परतले. पुढे मधल्या फळीतला हा खेळाडू महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, भारतीय संघातही पोहोचला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा त्यांचा अखेरचा संघ. दुखापतींनी खेळ थांबवला आणि २००९ मध्ये ते त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले.

३/
इथे थोडे थांबू. मुंबईच्या फुटबॉलला दीर्घकाळ आश्रय दिला तो कंपन्यांनी. खेळाडूचे नाव हजेरीपटावर असे. गुडघा गेला तरी नोकरी उरे. ही व्यवस्था मला परकी वाटत नाही. मी शहाडची. सेंच्युरी रेयॉनच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत रोजगारापासून बिर्लांच्या विठ्ठल मंदिरापर्यंत एकाच उद्योगसमूहाची सावली दिसते. अशा आश्रयाचे बळ मोठे असते. पण आश्रयदात्याचे मन फिरले की सारेच संपते.

४/
तसेच झाले. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला. आशियाई महासंघाच्या परवाना निकषांत न बसल्याने एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. जमील ज्यांच्याकडून खेळले, ते दोन्ही कंपनी-संघ असे मिटले.

५/
उरला मुंबई एफसी. तिथे सात वर्षे, तुटपुंज्या साधनांवर, त्यांनी संघाला पदावनतीपासून वाचवले. २०१६ मध्ये ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. आदल्या हंगामात पदावनत झालेल्या या संघाला जागा परत मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी साधून ऐझॉल ३७ गुणांसह आय-लीग विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. ईशान्येकडील हा पहिला विजेता संघ. त्याच हंगामात तळाला राहून पदावनत झाला तो मुंबई एफसी.

६/
याला चमत्कार म्हटले गेले. मला ती सात वर्षांच्या उमेदवारीची फलश्रुती वाटते. भक्कम बचाव, थोडक्यात भागवणे, एकेका गुणासाठी झुंजणे : हे सारे मुंबईत तळाशी टिकून राहताना कमावलेले होते. राष्ट्रीय संघासोबतही आरंभी तेच दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरने १-२ असे हरवले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. तळाशी टिकण्याची विद्या शिखरावर नेतेच असे नाही.

७/
संस्था मिटते तेव्हा तिचे ज्ञान माणसांत उरते; माणसे गेली की तेही जाते. जमील प्रसिद्ध आहेत, त्यांची नोंद राहील. त्यांच्यासोबत कूपरेजवर खेळून मुकाट्याने कार्यालयात परतलेल्यांचे काय? मित्रहो, आपल्या परिसरात एखाद्या कारखान्याच्या संघाचा निवृत्त खेळाडू असेल, तर त्याच्याकडचे संघाचे छायाचित्र पाहा आणि त्यातल्या प्रत्येकाचे नाव मागच्या बाजूला लिहून घ्या. आमच्या विषयात साधने अशीच जन्माला येतात.