मुठी मोजा, मग लेन्स घ्या!

पॅनोरमासाठी लेन्स रुंद नको, उंच हवी! हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये! मी काही फोटोग्राफीतली जाणकार नाही, प्रकाशशास्त्र तर मला ओ की ठो कळत नाही, पण हे ऐकाच, आणि ऐकून झालं की लगेच उठा, कारण करून बघितल्याशिवाय यातली गंमत कळायची नाही!

आपण काय म्हणतो? पॅनोरमा काढायचाय ना, मग घ्या वाइड अँगल, आणि परवडत असेल तर त्याहून वाइड! पण पॅनोरमाची रुंदी देतं कोण? लेन्स? छे! आपण देतो! एक फोटो काढायचा, जरा वळायचं, दुसरा काढायचा, आणि मग तिसरा, आणि मग चौथा, आणि मग ते सगळे कॉम्प्युटरवर जोडायचे, की झाली हवी तेवढी रुंदी, अगदी फुकट! लेन्सकडे मागायची ती फक्त उंची! म्हणून कॅमेरा उभा धरायचा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएमची लेन्स आडवी धरली तर वरपासून खालपर्यंत ५३ अंश दिसतात, आणि तीच उभी धरली की ७४! लेन्स तीच, किंमत तीच, नुसता कॅमेरा उभा केला!

आणि मग प्रश्न येतो, आपल्याला उंची किती हवी? इथे तर मी नाचायचीच बाकी होते! हात ताठ पुढे करा, मूठ वळा, अंगठा वर ठेवा, एक डोळा मिटा. वरच्या बोटापासून करंगळीपर्यंत तुमची मूठ म्हणजे साधारण १० अंश! लहान मुलाचीही तेवढीच, कारण मूठ लहान तर हातही आखूड! आता मुठीवर मूठ रचत जा. चित्रात जिथून जिथपर्यंत हवं तेवढ्यात चार मुठी बसल्या तर ५० एमएम, पाच-साडेपाच बसल्या तर ३५, सात-साडेसात बसल्या तर २४, आणि दहा बसल्या तरच ती महागडी १४! हे सगळं कॅमेरा उभा धरून, बरं का!

चला, हरिश्चंद्रगडावर जाऊ! कोकणकडा! पश्चिमेला तोंड केलेला, आत वळलेला, अर्ध्या वाटीसारखा तो अजस्र कडा! त्याच्या काठावर, पण काठापासून बेताने मागे, उभे राहा. क्षितिजाच्या वर साडेतीन मुठी आभाळ, खाली साडेतीन मुठी दरी. सात! म्हणजे २४! दर फोटोत आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा घेत वळलं, तर डावीपासून उजवीपर्यंतचं अख्खं अर्धवर्तुळ पाच फोटोंत येतं! फक्त पाच! १४ने तीनच फोटो लागतील, पण लांबचा डोंगर २४च्या मानाने निम्म्याहून थोडाच मोठा दिसेल आणि उरलेली जागा पायाखालचा खडक आणि रिकामं आभाळ खाऊन टाकेल. एवढे पैसे मोजून डोंगर बारीक कशाला करायचे, सांगा बघू!

आणि हे तर कहरच! साध्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच येते ना ती १८-५५ची किट लेन्स? तिला १८वर ठेवा, कॅमेरा उभा धरा, साधारण ६६ अंश मिळतात! साडेसहा मुठी! कोकणकडा जवळजवळ तुमच्या कपाटातच पडलाय!

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. खिडकीशी जा. एक डोळा मिटा, जवळचा गज आणि लांबचा विजेचा खांब एका रेषेत आणा, आणि मग मान वळवा. सरकले की नाही एकमेकांपासून? कॅमेराही असाच फसतो, आणि मग जोडलेल्या चित्रात जवळचा दगड दुभंगतो. पण लेन्समध्ये एक जागा अशी असते की तिच्याभोवती कॅमेरा फिरवला तर गज आणि खांब तसूभरही हलत नाहीत! आणि ती जागा दिसते हो! लेन्समध्ये समोरून डोकवा, आत खोल ते छोटं भोक दिसतंय? ते जिथे असल्यासारखं वाटतं, बरोब्बर तिथेच! मी किती वेळ नुसती त्या भोकाकडे बघत बसले होते! मग ट्रायपॉडवर कॅमेरा हळूहळू मागे सरकवत जायचं, गज आणि खांब एकमेकांना सोडेनासे झाले की तिथे खूण करायची. झूम बदललं तर ती जागाही बदलते, म्हणून झूमला हात नाही लावायचा.

बाकीचं पटकन सांगते. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं एकदा ठरवून मॅन्युअलवर ठेवायचं, पोलरायझर काढून ठेवायचा, नाहीतर आभाळ एकीकडे गडद आणि दुसरीकडे फिकं येतं. फोटो जोडायला ह्युजिन नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट!

राहिली त्याच गडावरची केदारेश्वराची गुहा. कमरेएवढं पाणी, मधोमध भलंथोरलं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि मागे सरकायला जागाच नाही! तिथे दहा मुठी लागणारच, तिथे ती १४ हवीच हवी! पण विकत नाही घ्यायची, दोन दिवसांपुरती भाड्याने आणायची. अर्धं भाडं मी भरते, अर्धं तुम्ही भरा! बोला, कधी निघायचं?