कूलर बसेल अशी खोली

भद्रावतीत भाड्याची खोली शोधणाऱ्याला कुणी चौरस फूट सांगत नाही. दोन खोल्या-किचन, लॅट्रिन-बाथरूम अटॅच, बोअर आहे, गाडी आत राहते. एवढ्यात भाव ठरतो. मी नागपूरहून बदलून आलो होतो, टेप सोबत होता.

समोरची खोली १० बाय १० भरली. म्हणजे १०० चौरस फूट, साधारण ९.३ चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) घरात राहण्याची एकच खोली असेल तर किमान ९.५ मागते. इथं दोन होत्या, पण दोन्हींपैकी मोठी हीच. घरमालकीण काकू दारातून म्हणाल्या, ‘‘भाऊ, खोली काय मोजून राह्यले? कूलर कुठी बसते ते पाहा.’’

काकूंचंच बरोबर होतं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. थेट स्लॅबखालची वरची खोली कितीही ऐसपैस असो, दुपारी तिथं बसवत नाही. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड आणि त्यात भरायला पाणी, भाडं खरं त्याचं. वरच्या दोन मोठ्या खोल्या खालच्या लहान जागेपेक्षा स्वस्त सांगितल्या गेल्या, यात मला तरी काही नवल वाटलं नाही.

गावात भाडेकरू येतात कुठून? आयुध निर्माणी आहे, आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी आहेत. दोन्हींच्या वसाहती आहेत. तिथं क्वार्टर न मिळालेला, शिवाय ठेकेदाराकडचा कामगार, बँकवाला, शिक्षक गावात खोली पाहतो. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात नागपूर ‘वाय’ गटात, भद्रावती ‘झेड’मध्ये. जानेवारी २०२४ पासून तिकडे मूळ वेतनाच्या २० टक्के, इकडे १०. पगार सारखा असला तरी भाड्यासाठीचा पैसा निम्मा. आणि नोकरीवाला दिसला की घरमालक आधी भत्त्याचाच हिशोब विचारतो!

करार ११ महिन्यांचा. काकूंना शंभराच्या स्टॅम्प पेपरवर सही पुरेशी वाटत होती. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, हे मी सांगितलं. त्यांनी मुलाला फोन लावला. नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा ठरला. मोटारीच्या विजेचं बिल मात्र वेगळं.