आधी आर्टिकल, मग शब्द

डेल्फच्या परीक्षेआधी फ्रेंचच्या आर्टिकलांनी मला जेरीस आणलं होतं. मराठीत उपपद हा प्रकारच नाही आणि इंग्रजीसाठी घोकलेले 'ए, अ‍ॅन, द' इथे फारसे कामी येत नव्हते. कुणीतरी सदाशिव पेठेतल्या बाईंचं नाव सुचवलं. बाई निवृत्त. शिकवण्या कधीच बंद केलेल्या, तरी म्हणाल्या, "ये संध्याकाळी."

पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. मला स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसवर कॉफी चढवली. "आवडते ना? मग 'जेम ल काफे'. आवड अख्ख्या कॉफीजातीची, म्हणून 'ल'." पेल्यात ओतत पुढे म्हणाल्या, "पितेस ती त्यातली थोडी. 'ज ब्वा द्यू काफे.' पॅरिसमध्ये काउंटरवर मागशील तेव्हा 'अं काफे', म्हणजे एक कप." मग स्वतःचा पेला पालथा घातला. "मला डॉक्टरांनी बंद केलीय. 'ज न ब्वा पा द काफे.' घ्यायचीच नाही म्हटल्यावर 'द्यू'चा नुसता 'द' उरतो."

"आणि आवडत नाही म्हणायचं असेल तर?"

"तिथे 'ल' हलत नाही. नावडसुद्धा सगळ्या कॉफीचीच असते की!"

दोन-तीन पुस्तकांनी जे गुंतवून ठेवलं होतं, ते पेलाभर कॉफीत सुटलं.

लिंगाच्या बाबतीत मात्र बाई कडक. आपली कॉफी ती, त्यांचा काफे तो. मराठी कानाचा इथे उपयोग नाही. 'ला तूर' म्हणजे मनोरा, 1889चा आयफेल. 'ल तूर' म्हणजे फेरी, 1903 पासूनची ती सायकल शर्यत. "आर्टिकल चुकवलंस तर सायकलवाले मनोऱ्यावर चढतील," म्हणायच्या. वहीत एकटं नाम दिसलं की लाल रेघ.

फीचं पाकीट पुढे केलं की रागवायच्या. शेवटी अर्धा किलो कॉफी पावडर नेली, तेवढी ठेवून घेतली, पाहुण्यांसाठी.

बाई आता नाहीत. मी फ्रेंच शिकवते, आणि लाल रेघा मारते. तुम्ही शिकत असाल तर बाईंचं एवढं ऐका: वहीत शब्दाआधी 'ल', 'ला' लिहू नका, 'अं' किंवा 'यून' लिहा. स्वर आला की 'ल' आणि 'ला' दोघांचाही नुसता 'ल्' होतो आणि लिंग झाकलं जातं. 'अं' आणि 'यून' लिहिताना ते झाकत नाहीत.