नेको बंदरातील अर्धा तास

भूगोलाच्या तासाला अंटार्क्टिकाविषयी बोलताना माझे एक वाक्य नेमाने ठरलेले असे : हा खंड पांढरा, निःशब्द आणि निर्जन आहे. २०२४ च्या डिसेंबरात मी तेथे जाऊन आले आणि त्या वाक्यातील पहिली दोन विशेषणे मला मागे घ्यावी लागली.

माझा थोरला भाऊ तारवटी आहे. म्हणजे जहाजावर नोकरी करतो. तेथला उन्हाळा आपल्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. त्या दिवसांत ध्रुवप्रदेशात प्रवासी नेणाऱ्या एका जहाजाच्या स्वयंपाकघरात तो सात वर्षे राबत आहे. कर्मचाऱ्यांच्या नातलगांना भाड्यात सवलत मिळते. त्या सवलतीत माझी सहा वर्षांची शिल्लक आणि बिनपगारी रजा यांची भर घातली, तेव्हा कोठे हा योग जुळून आला.

अर्जेंटिनातील उशुआया हे बंदर सोडले की ड्रेक सामुद्रधुनी लागते. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती कोठेच जमीन आडवी येत नाही; त्यामुळे वारा आणि लाटा यांना अटकाव असा नाहीच. पहिले दोन दिवस मी अंथरुणाला खिळले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने एका सहकाऱ्याच्या हाती वाडगाभर पेज व लिंबाच्या लोणच्याची फोड पाठवली. तांदूळ उकडा नव्हता, पण ती पेजच होती. तिच्यामुळेच मी उठून बसले.

किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी सर्वांचे कपडे तपासतात, खिशांतील धूळ यंत्राने ओढून घेतात आणि बूट जंतुनाशकात बुडवतात. हेतू हा, की परक्या भूमीचे बी त्या भूमीत पडू नये. माझ्या पिशवीच्या शिवणीत गवताचे एक कुसळ सापडले. ते आमच्या शाळेच्या मैदानावरचे असावे! एका वेळी किनाऱ्यावर शंभरांहून अधिक प्रवासी उतरवीत नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे, आणि पक्ष्यांतील साथीच्या तापामुळे अलीकडे जमिनीवर बसायचेही नाही.

दादाने आधीच बजावले होते, “बाय, थंय सुक्या नुस्त्याचो वास येता.” कुव्हरव्हिल बेटाजवळ नाव पोचली आणि पाय टेकण्यापूर्वीच सुक्या बाजारातला तो ओळखीचा दर्प नाकात शिरला. हजारो जेंटू पेंग्विन, त्यांचे अखंड किंचाळणे, आणि क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवावर पोसलेल्या त्या पक्ष्यांच्या विष्ठेने गुलाबी झालेला बर्फ! त्यांची घरटी खड्यांची असतात. एक पेंग्विन शेजाऱ्याच्या घरट्यातून खडा उचली आणि मोठ्या गांभीर्याने आपल्या घरट्यात नेऊन ठेवी. तो पाठमोरा झाला की तिसरा येऊन तोच खडा पळवी. मागच्या बाकावरील काही मंडळींची मला तीव्रतेने आठवण झाली.

डिसेप्शन हे बेट म्हणजे समुद्रात बुडालेले ज्वालामुखीचे मुख. तेथील काळ्या वाळूतून वाफा निघतात. १९१२ ते १९३१ या काळात व्हेलची चरबी उकळण्याचा कारखाना तेथे चाले. त्याच्या गंजलेल्या टाक्या अद्याप उभ्या आहेत. तेथे मला फार वेळ थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या कुशीला दोन कुबड व्हेल वर आले, तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज मी कठड्यापाशी उभी राहून ऐकला.

रोज रात्री काम आटोपले की दादा मला भेटे आणि दिवसभर काय पाहिले ते विचारी. मी उत्साहाने सांगत असे. तिसऱ्या रात्री सहज विचारले, “तुला कोणता किनारा अधिक आवडला?” तो हसला. सात हंगामांत तो एकदाही उतरला नव्हता. नावा सुटतात त्या वेळा न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या. त्याच वेळी स्वयंपाकघरात सर्वाधिक काम. वास त्याने वाऱ्यावरून ओळखला होता, पेंग्विन खिडकीतून पाहिले होते. तीन रात्री मी कोणाला वर्णने ऐकवीत होते, हे कळून मला लाज वाटली. माझी जागा घे, असे म्हटले, तर रागावला : “तुवें पयशे दिल्यात.”

पण या खेपेस त्याने स्वतःच विचारून पाहिले होते. शेवटच्या दिवशी नेको बंदरात प्रवासी परतल्यावर पाच कर्मचाऱ्यांना अर्धा तास मिळाला. त्याचे काम एका फिलिपिनो सहकाऱ्याने अंगावर घेतले. ते बंदर बेटावर नाही, खुद्द खंडाच्या भूमीवर आहे. समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला की लाट किनाऱ्यावर चढते, म्हणून पाण्यालगत रेंगाळू देत नाहीत.

मी कठड्यावरून दुर्बीण लावली. इतर चौघे छायाचित्रे काढीत होते. दादा हात मागे बांधून नुसता उभा होता, आमचे बाबा शेताच्या बांधावर उभे राहत तसा. एक पेंग्विन सरळ त्याच्याकडे चालत आला. नियमाप्रमाणे दादा दोन पावले मागे सरला. पेंग्विन आणखी दोन पावले पुढे आला. मग दोघेही थांबले.

हिमनदीत कोठेतरी तोफेसारखा आवाज झाला, तेव्हा त्याने मान वळवली. शिट्टी वाजली, नाव परतली. रात्रीच्या सारासाठी कांदे चिरायचे राहिले होते, म्हणून तो बूट धुऊन थेट खाली गेला. त्या रात्री मी त्याला काही विचारले नाही, आणि त्यानेही बराच वेळ काही सांगितले नाही. उठता उठता एवढेच म्हणाला, “वास लागींच्यान चड येता.” जवळून वास अधिक येतो.